तांबडीची दुसरी सुई

गोचीडतापाची लस म्हणजे माझ्या हातचा मळ! असं मी सगळ्या वस्तीसमोर ठणकावून सांगितलं, तेव्हा बायको सिमालोई नुसती हसली. "तांबडीला काही झालं ना, तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही!" एवढंच म्हणाली. दुभती गाय तेवढी एकच उरली होती. बाकीच्या गेल्या साली याच तापाने नेल्या.

या लशीच्या सुया दोन. पहिलीत रोगाचे जिवंत जंतू, दुसरीत त्यांना आवरणारं औषध. औषध रोगाला दाबून धरतं, तोवर गाईचं अंग त्याच्याशी लढायला शिकतं आणि जन्मभर विसरत नाही. फक्त दुसरी सुई चुकवायची नाही!

लसवाल्या दासोईने पहिली टोचली. दुसरी माझ्याकडे. मी ऐटीत गाईला अडकवलेल्या लाकडी खोड्याला टेकलो, आणि अडसरच निसटला! तांबडी सुसाट!

"अरे धर तिला!" दासोई किंचाळला. "नुसता रोग अंगात घेऊन पळतेय ती!"

सुई आणि औषधाची बाटली घेऊन मी मागे धावलो. तांबडी शिरली कुठे? थेट सासूबाईंच्या काटेरी कुंपणात! आम्हा मासाईंमध्ये जावयाने सासूसमोर जायचं नाही, तिनेही जावयाचं तोंड बघायचं नाही.

"सासूबाई, तांबडीला बाहेर हाकला! मरेल हो ती!"

"हलत नाहीये मेली! तुम्हीच या आत."

"कसा येऊ?"

"शाल घ्या तोंडावरून. मीही घेते. कान धरून ठेवते तिचे."

मी शाल ओढून चाचपडत आत गेलो. मान हाताला लागली. आमच्या देवाचं, एन्काईचं नाव घेतलं आणि खुपसली सुई!

तांबडी जोरात रेकली.

रेकली? मी शाल फेकली. सासूबाईंनीही फेकली. त्यांच्या मुठीत गाढवाचे कान! तांबडी माझ्या पाठीमागे रवंथ करत उभी.

"बघताय काय माझ्याकडे? औषध उरलंय का?"

"उ... उरलंय!"

"मग भरा!" म्हणत सासूबाई तांबडीच्या मानेला लोंबकळल्या. मी टोचलं. दोघेही मटकन खाली बसलो.

पुढे कित्येक दिवस मी जीव मुठीत धरून तांबडीचे कान चाचपत होतो, तापलेत का म्हणून. जगली बिचारी!

तेव्हापासून मी सासूबाईंच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. वस्ती म्हणते, रिवाज पाळावा तर यानेच! मी गंभीरपणे मान डोलावतो. गाढवाला सुई टोचल्याची लाज वाटते म्हणून टाळतो, हे कोणाला सांगू!