अकरा ताठ माना

नकाशेवाले तसे खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. पाणीपुरवठा खात्यात चोवीस वर्षं जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे सांभाळणाऱ्या माणसावर खोटं बोलायची वेळच येत नाही. पाइप नक्की कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे बोलू ते खरंच. पण त्या सोमवारी दारात चपला काढता काढता त्यांनी एक खोटं बोलायचं ठरवलं. अगदी लहान. वीतभर उंचीचं.

वीतभर, कारण पिशवीतला गोलकीपर तेवढाच होता.

नकाशेवाल्यांना मान डोलावणारे जुने खेळाडू जमवायचा नाद होता. कागदाच्या लगद्याचं अंग, अंगापेक्षा मोठं डोकं आणि गळ्याच्या जागी स्प्रिंग. टिचकी मारली की खेळाडू आपला ‘हो, हो, हो’ करत राहतो. (घरात आपल्याला हो म्हणणारं कुणीतरी असावं, हेच या नादाचं मूळ असावं.) कधीच बंद पडलेल्या एका साबण कंपनीनं फुटबॉलचा अख्खा संघ काढला होता. त्यातले दहा जण नकाशेवाल्यांच्या कपाटात होते. अकरावा, म्हणजे गोलकीपर, नऊ वर्षं सापडत नव्हता. आणि तो निघाला कुठे, तर ऑफिसमागच्या केशकर्तनालयात! आरशापुढे उभा राहून तो वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हजामतीला मान डोलावत होता. दुकानाला नवा रंग लागणार म्हणून मालकानं तो काढून टाकला, आणि नकाशेवाल्यांनी तो पडता झेलला.

आता घरातला कायदा. कपबशांची जागा खेळाडूंनी बळकावली, तेव्हा बायकोनं तो केला होता: ‘यापुढे या घरात एकही नवं डोकं येणार नाही.’

“काय आहे हो पिशवीत?” बायकोनं विचारलं.

“आपला नाही गं. साहेबांचा आहे. मान ढिली झालीय बिचाऱ्याची, म्हणून दुरुस्तीला...”

“मग बाबांना द्या की!”

खोटं बोलताना माणसानं निदान घरात कोण कोण राहतं याचा विचार करावा. नकाशेवाल्यांचे सासरे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुकान मिटवलं आणि ते लेकीकडे राहायला आले. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी घड्याळं एका ठोक्यावर आणली. दुसऱ्या महिन्यात दारांच्या बिजागऱ्यांची करकर बंद केली. (तेव्हापासून नकाशेवाले घरात कधी शिरतात ते बायकोला कळेना, आणि संशय वाढला.) त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. हल्ली ते खिडकीत बसून समोरच्या थांब्यावर बस किती मिनिटं उशिरा येते ते मनगटावर पाहत, आणि कुणालाच सांगत नसत.

सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं. गोलकीपरच्या गळ्यात बराच वेळ पाहिलं.

“फारच सैल आहे हो.”

“हो ना.”

“नुसता वारा लागला तरी हलतंय डोकं.”

“हो ना.”

“हे बरं नव्हे.”

“नव्हेच,” नकाशेवाले म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. “पण घाई काही नाही हं बाबा. सावकाश.”

सकाळी उठून गोलकीपर गुपचूप उचलायचा, असा त्यांचा बेत होता. पण सकाळी मोठी जलवाहिनी फुटली. नकाशात ती शाळेच्या मैदानाखाली होती. प्रत्यक्षात ती तिथे सोडून इतर सगळीकडे असावी. नकाशेवाले चार दिवस खड्ड्यांच्या काठावर उभे राहून लोकांची बोलणी खात होते. मनात मात्र एकच गोष्ट होती, रविवार.

रविवारी अकरा वाजता संग्राहक मंडळाचे अध्यक्ष घरी येणार होते. मंडळात चाळीसच जागा, आणि त्यातली एक नऊ वर्षांनी रिकामी झाली होती. अट सोपी होती. एक पूर्ण संच हवा आणि तो मूळ अवस्थेत हवा. परीक्षा त्याहून सोपी. अध्यक्ष एक टिचकी मारत आणि डोलणं मोजत. वीसच्या वर गेलं तर सदस्य. नाही तर नमस्कार.

शनिवारी दुपारी नकाशेवाले घरी आले, तेव्हा सासरे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कपाटाशेजारी उभे होते.

“मारा टिचकी!”

नकाशेवाल्यांनी गोलकीपरला टिचकी मारली. काही नाही. शेजारच्याला मारली. काही नाही. अकराच्या अकरा जण राष्ट्रगीत सुरू असल्यासारखे ताठ.

“बाबा... हे बाकीचे...”

“बाकीच्या दहांनाही तोच रोग! तुम्ही संकोचानं बोलला नाहीत, पण मला दिसलं. साथच होती हो. प्रत्येकाच्या गळ्यात पितळेची दांडी घातलीय. आता भूकंप झाला तरी हलणार नाहीत.”

नकाशेवाल्यांच्या पायाखाली मात्र काहीतरी हललं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको कानाशी आली.

“आठ महिन्यांनी पोटभर जेवले आज बाबा. पाच दिवस गुणगुणत काम करत होते. काही बोलू नका हं.”

“छान,” नकाशेवाले म्हणाले. “फारच छान झालंय.” आणि त्यांनी पुन्हा मान डोलावली. घरात आता तेवढीच हलत होती.

रविवारी अध्यक्ष अकराच्या ठोक्याला आले. (ठोके चोख होते, ते सासऱ्यांचं काम.) अध्यक्षांना हसताना मंडळात कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, गोलकीपर समोर घेतला आणि टिचकी मारली. डोकं जागचं हललं नाही.

“हा गेलेला आहे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पुढच्याला मारली, त्याच्या पुढच्याला मारली. “अख्खा संघ गेलाय! कुणी केलं हे?”

चहाचा ट्रे घेऊन बायको दारात थबकली होती. तिच्यामागे सासरे, अजून इस्त्रीच्याच सदऱ्यात. नकाशेवाल्यांनी नऊ वर्षांकडे एकदा पाहिलं आणि त्या सदऱ्याकडे एकदा.

“मी,” ते म्हणाले. “मी केलं.”

“मग सदस्यत्व विसरा. या जन्मी तरी.”

“साफ खोटं!” सासरे गरजले. “ह्यांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही! अहो जावई, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेता? लाज नाही वाटत?”

“बाबा, अहो, मी तुमच्यासाठीच...”

“गप्प बसा!” सासरे आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात अकरा पुड्या. प्रत्येक पुडीवर नंबर, तारीख, खेळाडू. आत एकेक मूळ स्प्रिंग, तेल लावून ठेवलेली. “काढलेला भाग आम्ही फेकत नाही. तो गिऱ्हाइकाचा असतो. चाळीस वर्षांत एक स्क्रू हरवला नाही माझ्याकडून.”

अध्यक्षांनी एक पुडी उघडली आणि हातमोजे काढले.

“गळ्याच्या रंगाला ओरखडासुद्धा नाही. दांडी न चिकटवताच बसवलीत?”

“चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे,” सासरे म्हणाले. त्यांनी भिंग लावलं, दांडी काढली आणि चार मिनिटांत गोलकीपरच्या गळ्यात त्याची मूळ स्प्रिंग बसवली. अध्यक्षांनी टिचकी मारली. गोलकीपर एकतीस वेळा हो म्हणाला.

“माझ्याकडे साठ जण आहेत,” अध्यक्ष अगदी हळू म्हणाले. “सगळ्यांचे गळे गंजलेत. हात लावायला माणूस मिळत नाही हो.”

“साठ?” सासऱ्यांनी विचारलं. खिडकीकडे पाठ फिरवून ते पहिल्यांदाच बसले.

सदस्यत्वाचा अर्ज तिथेच भरला गेला. सासऱ्यांच्या नावानं.

“आणि आमचे जावई?”

“खोटं बोलणाऱ्याला नियमानं दोन वर्षं थांबावं लागतं. तोवर पाहुणे म्हणून आणा. पेट्या उचलायला कुणीतरी लागतंच.”

नकाशेवाल्यांनी मान डोलावली.

अध्यक्षांना पोचवून ते परत आले, तेव्हा बायको कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

“संच अकरांचा ना हो? मग साहेबांचा गोलकीपर उद्या परत दिल्यावर दहाच राहतील.”

उत्तर देण्याऐवजी नकाशेवाल्यांनी टेबलावरची सासऱ्यांची दुरुस्तीची वही उचलली आणि त्यात तोंड लपवलं. पहिलीच नोंद सोमवारची होती: ‘नग एक. गोलकीपर. मालक साहेब, असं जावई म्हणतात.’ खाली दहा जणांच्या नोंदी. आणि सगळ्यात शेवटी, ओली शाई:

‘नग बारा. जावई. तक्रार: गळा सैल, कुणीही काहीही म्हटलं की मान डोलते. दुरुस्ती: केली नाही. मुलगी म्हणाली, मूळ अवस्थेतच राहू द्या.’