चटणीच्या राज्यात ऐंशी हजार रयत आणविली त्याची हकीकत

श्री. लिहिणाराचे हातून खरे ते उतरो आणि वाचणारास ते पुरते वाचण्याचा धीर होवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आषाढापासोन माघापावेतो एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण धनी हयात आहेत आणि मानी आहेत.

राज्य थोर नव्हे. पुढे एक दुकान, मागे लांब पडवी, पडवीत एकोणीस उखळे, आणि उखळांवर एकोणीस बाया कारळ्याची, जवसाची आणि लसणाची चटणी कुटीत. गादीवर श्रीमंत त्रिंबकराव. राज्याचा दुसरा मुलूख मोबाइलाचे काचेत होता. तेथे रोज दवंडी पिटावी आणि तेथील रयतेने, जीस फॉलोअर म्हणतात, ती वाचावी ऐशी चाल होती. दवंडीचे काम श्रीमंतांच्या थोरल्या वहिनी भामाबाईसाहेब यांजकडे होते. बाईंचा रिवाज ऐसा की, रोज सकाळी चटणी चाखावी आणि त्या दिवसाच्या घाण्यात जी खोट असेल ती आधी सांगावी. "आज कारळं जरा करपलंय, कडू लागंल, ज्याला चालंल त्यानंच घ्या," किंवा "लसूण ओला निघाला, आठ दिवसांत संपवा." सासूबाईंचे वेळी ही खोट दुकानाचे फळीवर खडूने लिहीत, तीच चाल बाईंनी काचेत नेली. रयत अवघी चारशे बारा, पण बोलकी. कोणी भांडे, कोणी मिठाचा हिशेब विचारी, आणि भांडून झाल्यावर चटणी नेई.

मग श्रावणात शहराहून निरंजनपंत म्हणोन कारभारी आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, काखेत लॅपटॉप. त्यांनी भिंतीवर चढत्या रेघा दाखविल्या आणि अर्ज केला की, "श्रीमंत, चारशे बारा म्हणजे काय रयत झाली? आणि आपल्याच मालाची खोट आपणच सांगतं का कोणी?" हे श्रीमंतांचे मनास लागले, कारण शेजारी लोणच्याचे राज्यात तीस हजार रयत आहे हे त्यांस बहुत दिवस सलत होते. मग आज्ञा जाहली आणि भामाबाईसाहेबांकडोन दवंडीचा मोबाइल काढून घेतला आणि त्यांस पुड्यांवर लेबले चिकटविण्यास बसविले. बाई इतकेच बोलल्या, "भावजी, खोट सांगायची नसंल तर नका सांगू. पण चाखायचं काम कुणाकडं देताय?"

मग कारभाऱ्यांनी रयत विकत आणविली. ऐशी रयत घाऊक मिळते. ती जेवत नाही, भांडत नाही, ती फक्त मोजावयाची असते. गणेशचतुर्थीस वीस हजार आली, घटस्थापनेस पन्नास, आणि दिवाळीपावेतो ऐंशी हजार भरली, आणि रोज दवंडी पिटली की, "अप्रतिम! अद्वितीय! परंपरेची अस्सल चव!" आणि खाली लाल बदाम आणि जोडलेले हात यांचा ढीग पडला, आणि श्रीमंतांनी पेढे वाटिले. आम्हांसही दोन मिळाले, खोटे कशास बोलावे. परंतु त्याच सुमारास पडवीत उखळे एकेक बंद पडू लागली. दसऱ्यास पाच, दिवाळीनंतर नऊ, मार्गशीर्षात एकूण सोळा. कारभारी म्हणाले, "आधी रयत वाढते, खप मागनं येतो." मग एके दिवशी उखळावरच्या सोनाबाई सदरेवर आल्या आणि पुसू लागल्या, "धनी, मुसळ घरी नेऊ का हितंच ठेवू? तसं सांगा, म्हंजी मी दुसरं काम तरी बघते." श्रीमंत खाली पाहोन बोलिले, "ठेवा. पौषात तह होतोय."

तह तो ऐसा की, शहरात एका थोर दुकानदार सरकारची चाळीस दुकाने होती, तेथे ही चटणी मांडावी. तह होता तर एकोणिसांचीही उखळे वाजती. न होता तर पडवीस कुलूप लागते, हे सर्वांस ठाऊक होते. पौष शुद्ध पंचमीस त्यांचे वकील, म्हणजे खरेदीची बोलणी करणाऱ्या, कालिंदीबाई आल्या. त्यांस ऐंशी हजार रयत दाखविली. त्या म्हणाल्या, "छान. यातलं एक माणूस मला दाखवा, चटणी खाल्लेलं. फक्त चव विचारायची आहे." मग कारभाऱ्यांनी तत्काळ दवंडी पिटली की, "आमच्या चटणीची चव कशी?" आणि सर्व जण काचेकडे पाहत बसले. पहिला जबाब आला, "अभिनंदन भाऊ." दुसरा, "सुंदर फोटो." तिसऱ्याने गुलाबाचे फूल धाडिले. चौथा परक्या लिपीत होता, तो कोणास वाचता आला नाही. वकीलबाई कारभाऱ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुम्हीच सांगा." निरंजनपंत म्हणाले, "मी तिखट खात नाही." आम्हांस हसू आले ते गिळिले, मग श्रीमंतांचे तोंड पाहिले आणि फार वाईट वाटले.

तेव्हा भामाबाईसाहेब डिंकाचे हात पदरास पुशीत पुढे आल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांतील वसगडे मास्तर यांस फोन लाविला आणि सर्वांस ऐकू येईल ऐसा ठेविला आणि पुसिले, "मास्तर, आपली चटणी कशी हाय?" मास्तर म्हणाले, "वहिनी, पाच महिने झाले, आणलीच नाही. तुम्ही खोट लिहायचा तेव्हा मी डोळे झाकून घ्यायचो. आता रोज आपलं अप्रतिम. मला वाटलं, तुम्ही गेलात आणि दुकान कोणी चालवायला घेतलं." वकीलबाईंनी पर्स उचलिली. "हे तुमचं माणूस होतं," म्हणाल्या, आणि गेल्या. तह जाहला नाही.

मग श्रीमंतांनी कारभाऱ्यांस निरोप दिला. जाता जाता त्यांनी सुचविले की नवे खाते काढावे. परंतु जुनी माणसे याच खात्यात होती आणि एवढ्या गर्दीत ती कोठे आहेत ते कळेना. मग श्रीमंत पाटावर बसले आणि विकतची रयत एकेक करोन स्वहस्ते बाहेर घालविली. सत्तावीस दिवस लागले आणि अंगठा सुजला. अखेर दोनशे त्रेसष्ट उरली. मग भामाबाईसाहेबांनी घाणा चाखिला, खोट सांगितली, आणि श्रीमंतांनी लिहिले, "आम्ही माणसं विकत आणली होती. ती घालवली. चूक माझी. आजच्या घाण्यात मीठ कमी आहे." दुसरे प्रहरी मास्तरांचा जबाब आला, "मीठ घरात आहे. दोन पुडे पाठवा." श्रीमंत तो वाचोन पडवीत गेले आणि दोन पुडे आपण बसोन बांधिले.

तात्पर्य, रयत दोनशे त्रेसष्ट. निरंजनपंत साबणाचे एका राज्यात रुजू जाहले, तेथे त्यांची रयत दोन लाख आहे. उखळे एकोणीस, पैकी तीनच उरली होती, ती आता सात चालू. कोणी राज्याचे कुशल पुसले तर श्रीमंत आधी सांगतात की बारा बाया माझ्यापायी घरी बसल्या, मग चटणीचे बोलतात.