पॅनेलवरचा हात

"मेलेली बाई लिहून राहिली, अन् तुम्ही लोकं चहा पिऊन राहिले?"

बोंडेबाई पंपाच्या खोलीतून अशा ओरडल्या की नंदनवन कॉलनीतली समस्त कबुतरं उडाली ती थेट मनीषनगरात जाऊन बसली. मी तेव्हा खरंच चहा पीत होतो. कपासकट खाली धावलो.

भिंतीवर पंपाचा नवा डबा होता, आदल्याच दिवशी बसवलेला. चकचकीत ॲल्युमिनियमचं पॅनेल, दोन बटणं, एक लाल दिवा आणि काळ्या अक्षरांत एक ओळ : 'लाल दिवा लागला की टाकी भरली. आता पुरे करा.' अक्षर सुमनवहिनींचं. 'र'ची मान तशीच वाकडी, पूर्णविराम तसाच बुंदीच्या दाण्याएवढा. आणि सुमनवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

माझ्या हातातला चहा गार झाला. मे महिन्यात, नागपुरात. यावरून काय ते समजा.

डबा केला होता मधुकररावांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी. माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. सारी नोकरी कळमेश्वरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरी डबे करतो. कूलरचा टायमर, दूध उतू जायच्या आधी बोंबलणारी पेटी, काय वाट्टेल ते. त्यांच्या घरात माणसं बसायला जागा नाही, डबे मात्र पाहुण्यांसारखे सोफ्यावर बसलेले असतात.

"डबा मुका नको, भाऊ," हे त्यांचं ब्रीद. आमच्याकडे आले की पाण्याच्या ग्लासाआधी स्विचबोर्डाकडे बघतात. "यातला पंखा कोणता? लिहिलं काहून नाही? सारी बटणं दाबत बसता?" दुसरा नियम त्याहून कडक : "एका डब्यावर एकच हात." हा लिहिता हात वहिनींचा. मधुभाऊ आतल्या तारांना डाग देत, वहिनी बाहेर बारीक ब्रशनं अक्षरं काढत. इमारतीतल्या निम्म्या घरांना त्या असं लिहून दटावत असत.

पण ते हयातीत. म्हणून मी भरदुपारी वर भाऊंकडे गेलो, उजेड आहे याची खात्री करून.

टेबलावर वहिनींच्या किराणा याद्या पसरल्या होत्या. भाऊंनी त्यांतलं एकेक अक्षर संगणकात घेतलं होतं. ती जुळवून ओळ करायची, चकचकीत कागदावर उलटी छापायची, कागद पालथा घालून ॲल्युमिनियमवर कडक इस्त्री फिरवायची, म्हणजे शाई पत्र्याला चिकटते, आणि पत्रा पाण्याच्या परातीत सोडायचा. मी पोचलो तेव्हा भाऊ अंगठ्यानं कागद चोळत होते. लगदा सुटत होता आणि पाण्याखालून वहिनी हळूहळू वर येत होत्या : 'ओल्या हातानं शिवू नका.'

मी माझे कोरडे हात मागे घेतले.

"हे वहिनींनी कधी लिहिलं होतं?"

"लिहिलं नव्हतं," भाऊ म्हणाले. "म्हणत होती."

संध्याकाळी सभा भरली. बोंडेबाईंना पंप सुरू करायला एकटीनं जायचं नव्हतं; त्यांच्यापाठोपाठ आणखी सहा जणींना तेच आठवलं. सेक्रेटरी ढोमण्यांनी तोड काढली. "मधुभाऊ, खाली कोपऱ्यात तुमचं नाव टाका. जित्या माणसानं केलं हे लोकांले कळलं की झालं. नाहीतर रविवारी मले ते घासून निळा रंग मारा लागते."

भाऊ उठले. खाली जाऊन त्यांनी पॅनेलवर हात ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग पॅनेल उतरवून वर आणलं. नाव साध्या छापील अक्षरात टाका म्हटलं, तर एकाच डब्यावर दोन हात होतात. म्हणून 'म' मसुरीतला घेतला, 'धु' धुण्याच्या साबणातला, 'क' कणकेतला आणि 'र' रव्यातला. इस्त्री झाली. परातीत कागद सुटला, आणि नावही कागदाबरोबर सुटून पाण्यात गेलं.

"इस्त्री कमी पडली," मी म्हणालो. दुसऱ्यांदा मी स्वतः फिरवली, अशी की टेबलाला पोळल्याचा वास आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खात्री म्हणून नावाशेजारी 'बंद' हा शब्द छापला. 'बंद' दगडासारखा बसला. 'मधुकर' काळ्या भुकटीसारखा परातीत तरंगत राहिला. मी खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. तशी ती आजवर बरेचदा झडायला हवी होती.

भाऊंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि चाळीस वर्षांच्या याद्या, निरोप, चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या. 'यांची गोळी.' 'हे आले की किल्ली द्या.' 'ह्यांना सांगा, उशीर होईल.' नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. वहिनी हातानंही घेत नव्हत्या.

रविवारी ढोमणे रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन खाली हजर. पॅनेल भिंतीवर परत लागलं होतं, कोपरा कोरा. आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. डब्याचं झाकण अर्धं उघडून ढोमण्यांनी विचारलं, "भाऊ, नाव काहून नाही टाकलं?"

मधुकरराव पॅनेल फडक्यानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "ती लिहून नाही राहिली."