तीन डबे तेल आणि कोरडी पट्टी

साडेअकराला माईंची गाडी चालवायची परीक्षा होती आणि सकाळी आठ वाजता गाडीच्या इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. म्हणजे माईंनी तसं जाहीर केलं होतं. माईंनी जाहीर केलेली गोष्ट तपासून बघायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

त्यांनी बॉनेट उघडलं होतं, तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली होती, काळ्या फडक्यानं टोकापर्यंत लख्ख पुसली होती आणि मग उजेडात धरून बघितली होती. कोरडी ठणठणीत! घाणेरड्या वस्तूकडे बघून मत देणं माईंना जन्मात जमलं नव्हतं. आधी पुसायचं, मग बघायचं. चष्म्याचं तसं, आरशाचं तसं, नातवंडांच्या तोंडाचंही तसंच.

एकसष्टाव्या वर्षी ही परीक्षा कशाला, तर धाकट्या जावेमुळे. धाकटीकडे बारा वर्षांपासून लायसन. बाजाराला निघाली की पुढच्या सीटवर ती आपली पर्स बसवायची आणि माईंना मागे, पिशव्यांच्या शेजारी. वर आरशातून विचारायची, "जाऊबाई, नीट बसलात ना?" माईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धाकटीच्या मागे आता बसणे नाही, एवढ्या एका जिद्दीवर त्या दोन महिने क्लच दाबायला शिकल्या होत्या.

"आई, सिंथेटिक ऑइल आणतो. चांगलं असतं," थोरला मुलगा म्हणाला.

"सिंथेटिक कापडानं माझ्या अंगाला घामोळं येतं. गाडीला काय होईल? साधं आण. स्वस्तातलं."

स्वस्तातलं म्हटल्यावर आतून जावई आले. चार दिवसांसाठी आलेल्या जावयांना तिसरा आठवडा लागला होता, पण स्वस्ताईत त्यांचा हात कुणी धरू शकला नसता.

"सासूबाई, साध्यातसुद्धा पंधरा-चाळीसच घ्या."

"या गाडीला वीस-पन्नासच लागतं," थोरला फणकारला. "जुनं इंजिन आहे. तेल जाड हवं."

"वीस-पन्नास?" माई म्हणाल्या. "तेलाचे आकडे सांगतोयस की विजोड जोडप्याची वयं? भांडू नका. दोघंही आपापलं आणा. कुणाचं टिकतं ते मी बघते."

थोरल्यानं निळा डबा आणला आणि लिटरभर तेल ओतलं. माईंनी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायला लावलं, मग बंद करून पट्टी काढली, पुसली, बघितली.

"कोरडी! अरे, लिटरभर तेल दहा मिनिटांत गेलं कुठे?"

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. जावई मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी आपला लाल डबा उपडा केला. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा पट्टी, पुन्हा फडकं.

"जावईबापू, तुमचंही उडालं. तुमच्यासारखं बसून राहील असं वाटलं होतं."

आता थोरला हसला. सुनेनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "आई, गाडीखाली गळत तर नाही ना?" खाली फरशी स्वच्छ. माईंनीच सकाळी धुतली होती.

शेवटी माई स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. "तुझ्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चिवट तेल दे." दुकानदारानं धूळ झटकून एक हिरवा डबा दिला. त्यावर नाव नव्हतं, नुसतं इंजिनाचं चित्र होतं. माईंनी आपल्या हातानं तो शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला. पट्टी काढली. पुसली.

"हेही प्यायली! तिन्ही तेलं एकाच माळेचे मणी. आता वेळ नाही, बसा."

माई स्टिअरिंगवर बसल्या. कोपरा वळेपर्यंत मागून निळा धूर निघायला लागला. चौकात पोचेपर्यंत लोक खिडक्या लावून घेत होते. दोन सायकलवाले डास मारायची गाडी समजून बाजूला थांबले. मागच्या सीटवर थोरला म्हणाला, "हा यांच्या तेलाचा धूर आहे." जावई म्हणाले, "माझं तेल असा वास मारत नाही."

परीक्षेच्या मैदानावर धाकटी आपली गाडी घेऊन आधीच हजर होती. म्हणे, धीर द्यायला आले.

परीक्षक साहेब नाकाला रुमाल लावून शेजारी बसले. "आजी, सुरू करा."

"आजी घरी. इथे परीक्षार्थी," माई म्हणाल्या आणि गाडी काढली.

वळण झालं, चढावर थांबून निघणं झालं. रिव्हर्सला मागे काहीच दिसेना, तेव्हा माईंनी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि गाडी खांबांच्या मधून सरळ मागे नेली. एकही खांब पडला नाही. साहेब मात्र खोकून खोकून अर्धे झाले. उतरल्या उतरल्या त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"या गाडीचं तेल कोण बघतं?"

"मी," माई म्हणाल्या आणि ऐटीत करून दाखवलं. काढली, पुसली, धरली. "हे बघा. कोरडी."

 साहेबांनी पट्टी हळूच माईंच्या हातून घेतली, आत घातली आणि पुन्हा बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं.

"बाई, पुसल्यावर पुन्हा आत घालायची असते. मग बघायचं. किती ओतलंय आत?"

"तीन डबे," थोरला आणि जावई एका सुरात म्हणाले. सकाळपासून त्यांचं एकमत झालेलं एवढं एकच.

थोरला बुटाकडे बघू लागला, जावई आकाशाकडे. हसायची इच्छा दोघांना होती, पण रात्रीचं जेवण त्याच घरात होतं.

"मग आधी सांगायचं ना पट्टीवर लिहून," माई म्हणाल्या. "एवढी लांब आहे, जागा काही कमी नाही."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. "तुम्ही पास. गाडी नापास. ज्यादा तेल काढेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही."

मग दोर आला. धाकटीच्या गाडीच्या मागे माईंची गाडी बांधली. ओढायच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला लायसनवालं माणूस हवं, आणि थोरल्याचं नि जावयांचं घरी राहिलं होतं. धाकटीनं खिडकीतून मान काढून विचारलं, "जाऊबाई, नीट बसलात ना?"

घरापर्यंत माईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. धाकटी हळू गेली की हॉर्न, जोरात गेली की हॉर्न, वळायच्या आधी हॉर्न, वळल्यावर हॉर्न. दारात पोचेस्तोवर धाकटी घामाघूम झाली होती.

फाटकाशी उभ्या शेजारीणबाई म्हणाल्या, "काय हो माई, धाकटीनं ओढत आणलं वाटतं?"

"ओढत कसली?" माई दार लावत म्हणाल्या. "तिला एकटीला रस्त्याची भीती वाटते. मागून सांभाळत आणली मी."