सहा पानांचा उतार

बाळाराम विशेकाकांना एक ठोकळा उतारावरून खाली आणायला वहीची सहा पानं लागतात. ठोकळा पाच मीटर उंचीवरून सुटतो, उतार गुळगुळीत असतो, घर्षण नसतं. तळाशी पोचल्यावर त्याचा वेग किती, एवढंच विचारलेलं असतं. माझी अकरावीची पोरं हे गणित दोन ओळींत करतात. वर जेवढी स्थितिज ऊर्जा होती तेवढीच खाली गतिज ऊर्जा झाली, लिहा आणि मोकळे व्हा. उत्तर सेकंदाला दहा मीटर. काकांचंही दहाच येतं. फक्त तोवर माझा चहा गार झालेला असतो आणि डोकं तापलेलं असतं.

मी शहापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सापगावात राहतो. काका माझे शेजारी. तीस वर्षं गावचा पाण्याचा पंप चालवून घरी बसलेले. शिक्षण दहावी, तेही त्यांच्याच शब्दांत ‘ढकलत ढकलत’. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. एकुलती एक मुलगी सुवर्णा इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरी करते. ही सुवर्णा माझीच विद्यार्थिनी. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं, आणि साइन-कॉसची गल्लत तिनं दोन वर्षांत एकदाही केली नाही. तिचं उदाहरण मी अजून वर्गात देतो.

काकी गेल्यावर काही महिन्यांनी एका संध्याकाळी काका सुवर्णाचं जुनं अकरावीचं पुस्तक काखेत मारून दारात उभे राहिले.

“सर, ह्यातला उताराचा धडा सांगाल का जरा?”

मला वाटलं, माणूस एकटा पडलाय, येईल चार दिवस. त्या चार दिवसांना आता दीड वर्ष झालं.

काकांची पद्धत ठरलेली आहे. पहिलं पान चित्राचं. “काका, साधा त्रिकोण पुरे,” असं मी एकदा म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी माळशेज घाटाचा उतार कठड्यासकट काढून आणला. ठोकळा सागाचा की शिसवाचा, हेही त्यांना आधी कळावं लागतं. दुसऱ्या पानावर बाण. वजनाचा लाल, उताराच्या रेट्याचा निळा. “वजन खाली वढतंय, उतार त्याला धरून ठेवतोय. ह्या दोगांच्या भांडनात बिचारा ठोकळा चाललाय, सर.” तिसऱ्या पानावर वजनाचे साइन आणि कॉस असे दोन तुकडे. पुढे त्वरण, मग उताराची लांबी, मग गुणाकार, आणि सहाव्या पानाच्या तळाशी दमून पोचलेलं दहा.

“काका, ऊर्जेनं करा हो. दोन ओळींचं काम आहे.”

“नको.”

“का नको?”

“तुमी वर बगता आन खाली बगता. मधलं कोन बगनार?”

हे त्यांचं पालुपद. ऊर्जेला मधल्याशी देणंघेणं नसतं, हाच तिचा मोठेपणा आहे, हे मी फळा, खडू, चेंडू आणि एकदा घरातली लाटणी वापरून सांगितलं. काका सगळं मान हलवून ऐकतात आणि लाल पेन उघडतात.

बरं, समजत नाही म्हणावं, तर तसंही नाही. एकदा नवा पंपवाला त्यांच्याकडे आला. पाइप देवळाला वळसा घालून न्यावा लागणार होता, पाणी चढेल की नाही याची त्याला धास्ती. काका म्हणाले, “टाकी किती उंच ती सांग. पाइप कुठनं कुठनं फिरला ते मला नको सांगू. घासनीत थोडं जाईल, बाकी हिशोब उंचीचाच.” मी कुंपणाशी उभा होतो. हेच, अगदी हेच मी दीड वर्ष ओरडून सांगत होतो.

“काका, तुम्हाला येतंय की!”

“ते पान्याचं झालं, सर. ह्यो ठोकळा हाय.”

एके दिवशी माझा तोल गेला. वही ओढून घेतली आणि पाच पानांवर सरळ काट मारली. दोन दिवस काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तीच पाच पानं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून. मी कपाळाला हात लावला.

शेवटी गेल्या शनिवारी मी एका कागदावर त्या दोन ओळी ठळक लिहिल्या. हा कागद त्यांच्या भिंतीवर चिकटवायचा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवून रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

काका ओट्यावर बसले होते. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू, मांडीवर वही उघडी. पलीकडून सुवर्णा बोलत होती. मी त्यांच्या पाठीमागे पोचलो होतो, त्यामुळे वही मला स्वच्छ दिसत होती. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, उत्तर दहा, चौकटीत. खाली सगळं पान कोरं.

“बाबा, एनर्जीनं कर ना. दोन ओळीत होतंय.”

“ते मला नाय जमत गो. तू फोर्सनंच सांग.”

असं म्हणत काकांनी त्या पेन्सिलीच्या ओळींवर तळहात ठेवला, फोनमधून तिला दिसतील की काय अशा भीतीनं.

मी जागीच थांबलो. काकी होत्या तेव्हा पुण्याचा फोन त्यांच्याच कानाला असायचा, अर्धा-अर्धा तास. शेवटी काकांच्या हातात यायचा. “जेवलीस?” “जेवले. तू?” “जेवलो. ठेव मंग.” बापलेकीचं तेवढंच बोलणं, तेही मी कुंपणापलीकडून कितीदा तरी ऐकलेलं. दोन ओळींचं. आणि मी दीड वर्ष या माणसाला दोन ओळींत आटपायला शिकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

“बरं,” सुवर्णा म्हणाली, “आधी चित्र काढ. काढलंस?”

“काढतोय. तू सांग, हापिसात काय चाललंय तवर?”

तिनं सांगितलं. नवीन साहेब, खोलीवरची मैत्रीण, रोजचं वांग्याचं भरीत. चित्र सावकाश पुरं झालं. बाण निघाले. वजनाचे तुकडे पडले.

“आता उताराच्या दिशेनं कॉस थिटा घे.”

काका थबकले. “कॉस? साइन ना गो?”

सुवर्णा आणि साइन-कॉसची गल्लत? मी कान टवकारले.

“हो की. चुकलंच माझं. थांब बाबा, आपण परत पहिल्यापासून करू.”

“कर गो. मला कुठं घाई हाय.”

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि आलो तसा परत फिरलो.

सोमवारी संध्याकाळी काका वही घेऊन आले. मी त्यांच्यासाठी एक गणित शोधून ठेवलं होतं. तीन ठोकळे, दोन कप्प्या, एक उतार, आणि त्यावर घर्षणही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“सर, हे किती पानांचं व्हईल?”

“मधलं सगळं नीट बघितलं,” मी म्हणालो, “तर बारा तरी.”