चांगुणा सायाळ आणि तिसरा रकाना

बाळांनो, आधी एक सांगा. एकाच्या नखांत माती आहे, दुसऱ्याच्या चोचीत नकाशा आहे. भरवसा कुणावर ठेवाल?

घाई करू नका. मी स्वतः या प्रश्नाचं उत्तर तीनदा चुकवलंय, आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस फार गोड बोलत होता. आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

एका जंगलात चांगुणा नावाची सायाळ राहत होती. पाठीवर काटे, पायाला दणकट नखं. दिवसभर झोपायची, ऊन उतरलं की कंद उकरायला निघायची. ओढ्याकाठच्या उतारावर तिचं बीळ होतं. बिळात दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते.

चांगुणेला एक सवय होती. आईकडून आलेली. कंद उकरला की खालचा भाग ती खायची आणि वेलाकडचं मुंडकं, बोटभर तुकडा, त्याच खड्ड्यात परत ठेवायची. पायाने माती लोटायची. मातीवर पाचोळा ओढायची. पावसात मुंडक्याला कोंब फुटायचा, वेल चढायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा कंद तयार.

बाकीचे प्राणी जास्त हुशार होते. ते अख्खा कंद खायचे.

असं होता होता एका वैशाखात सगळ्या जंगलातले कंद संपले. फक्त चांगुणेच्या उतारावर उरले. जो तो तिच्या दाराशी येऊन म्हणायचा, "चांगुणे, नशीब काढलंस हो!" ती द्यायची एखादा. वर सांगायची, "मुंडकं तेवढं परत आणून द्या." ते कुणी आणून द्यायचं नाही. मुंडक्यासाठी कोण हेलपाटा घालणार?

जंगलाचे पाटील होते भालोजी अस्वल. त्यांना काळजी लागली. त्यांनी सभा बोलावली. सभा म्हटल्यावर पाहुणा हवा. पाहुणे आले शुभ्रकांत बगळे. बारा कोसांवरच्या एका तळ्यावर चौदा दिवसांचं शिबिर करून नुकतेच परतले होते. सगळे त्यांना 'सर' म्हणू लागले.

"आपल्याला पर्माकल्चर करायचंय," बगळेसर म्हणाले.

"म्हणजे काय, सर?" सशाने विचारलं. ससा जंगलाचा टिपणीस, वही त्याच्या ताब्यात.

"म्हणजे निसर्गासारखं जगायचं. मातीकडून घेतलं तर मातीला द्यायचं. काही वाया घालवायचं नाही. एकमेकांच्या आधाराने राहायचं, म्हणजे दुष्काळ आला तरी गाव मोडत नाही."

प्राण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भोवती जंगलच होतं.

"मग आत्ता आपण कसे जगतो?" सशाने विचारलं.

"अशास्त्रीय," सर म्हणाले.

बाळांनो, इथे जरा थांबतो. सरांचा एकही शब्द खोटा नव्हता, हे ध्यानात ठेवा. मी भुसार मालाचं दुकान टाकलं तेव्हा मला वजनकाटा विकायला एक गृहस्थ आले होते. तासभर प्रामाणिकपणावर बोलले. इतकं सुंदर बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेल्यावर लक्षात आलं, साहेबांची पिशवी सगळा वेळ काट्यावरच ठेवलेली होती.

तर शिबिर सुरू झालं. फी अगदी माफक, माणशी रोज दोन मासे. आता ससा आणि अस्वल मासे कुठून आणणार, हे तुम्ही विचाराल. त्यांनी ते ओढ्यातून धरून आणले. सरांना ओढ्यात उतरावं लागलं नाही.

सरांनी वाळूत पाच वर्तुळं आखली. एकात एक. मधल्या वर्तुळात घर. त्याबाहेर रोजची भाजी, मग फळझाडं, मग चारा. "आणि पाचवं, सगळ्यात बाहेरचं वर्तुळ म्हणजे जंगल. तिथे हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि शिकायचं."

"पण सर, आपल्याकडे सगळं पाचवंच आहे," ससा म्हणाला.

सर विचारात पडले. मग म्हणाले, "त्यासाठी आधी चार वर्तुळांची जागा मोकळी करावी लागेल."

म्हणून त्यांनी निसर्गासारखं जगण्यासाठी दोन बिघे जंगल साफ केलं. पाचोळा झाडून जाळला, कारण पाचोळ्यात वर्तुळं नीट दिसत नव्हती.

मग नमुन्याचा वाफा कुठे करायचा, हा प्रश्न आला. नमुना चांगला दिसला पाहिजे. चांगली जागा एकच होती.

भालोजी पाटील चांगुणेच्या बिळाशी गेले. "चांगुणे, तुझा उतार आता सगळ्यांचा. आनंदाची गोष्ट आहे."

"पाटील, या उतारावर माझ्या पिल्लांचा वैशाख आहे," ती म्हणाली. "सगळ्यांचा करा, माझं काही म्हणणं नाही. पण आम्ही राहू ना इथे?"

"अगं, रहा की! अट एकच. आत राहायला प्रमाणपत्र लागतं. शिबिराला ये, परीक्षा दे."

चांगुणा गेली. शिबिर दिवसा होतं. ती सायाळ. पहिल्या वर्तुळाला तिला डुलकी लागली, ती थेट पाचव्याला जाग आली. सशाने वहीत लिहिलं, 'विषयात गोडी नाही.'

परीक्षेत एकच प्रश्न होता. कंद काढल्यावर पहिलं काम कोणतं?

चांगुणा म्हणाली, "मुंडकं परत पुरायचं."

सरांनी मान हलवली. "चूक. वजन करायचं."

चांगुणा नापास झाली. भालोजींना वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते मध खात. त्या दिवशी त्यांनी दोन पोळी संपवली.

निघताना चांगुणा सशाला म्हणाली, "टिपणीसभाऊ, माझं एवढं लिहून ठेवा. काढलेल्या कंदाचं मुंडकं परत ठेवायचं."

सशाने वही उघडून दाखवली. "हे बघ, चांगुणाबाई. एक रकाना 'काढले', दुसरा 'वाटले'. 'परत ठेवले' कुठे लिहू? रकानाच नाही."

"मग आखा की एक."

"नमुना सरांचा आहे. मी कोण आखणार?"

चांगुणा दोन पिल्लांना घेऊन समोरच्या खडकाळ टेकाडावर गेली. तिथे दगड होते, काटेरी झुडपं होती आणि दगडांच्या फटींत मूठमूठ माती होती. धाकट्या पिल्लाने विचारलं, "आई, इथे काय खायचं?" ती म्हणाली, "मुळं." मोठ्याने विचारलं, "आणि उद्या?" ती दगडाच्या फटीतली माती उकरू लागली.

इकडे उतारावर पहिला हंगाम लागला. काय सांगू! तीनशे चाळीस कंद निघाले. जंगलाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. होणारच होतं. आजवर कुणी सगळे एकदम काढले नव्हते.

आमच्या बाजारात एक शेंगदाण्याचे व्यापारी होते. ते गेल्यावर मुलांनी एका वर्षी विक्रमी विक्री केली. सगळ्या पेठेला पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, एवढा माल आला कुठून? थोरला म्हणाला, काका, बाबा दर वर्षी कोपऱ्यात बियाण्याची पोती अडवून ठेवायचे, ती आम्ही मोकळी केली! पुढच्या पेरणीला तोच थोरला रिकामं पोतं घेऊन माझ्या ओट्यावर बसून होता. पेढा मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू?

जंगलात मेजवानी झाली. बगळेसरांच्या गळ्यात रानफुलांचा हार पडला. मुंडकी कडवट लागतात, म्हणून ती सगळ्यांनी तोडून एका बाजूला टाकली. ढीग झाला.

चांगुणा टेकाडावरून उतरली. भालोजींपुढे उभी राहिली. "पाटील, ते उष्टं नेऊ का?"

भालोजी ओशाळले. "अगं, उष्टं कशाला? एखादा कंद ने."

"नको. उष्टंच द्या."

सर खूष झाले. सशाला म्हणाले, "लिहा, कचरा व्यवस्थापनात स्थानिकांचा सहभाग." त्याला मात्र रकाना मिळाला.

चांगुणेने मुंडकी तोंडात धरून नेली. पिल्लांनी नेली. चौदा खेपा झाल्या. प्रत्येक फटीत एक मुंडकं, वर मूठभर माती, त्यावर पाचोळा. तो उन्हाळा त्या तिघांनी मुळांवर काढला. धाकट्याच्या फासळ्या दिसू लागल्या. एकदा त्याने रागाने एक मुंडकं उकरून तोंडात घातलं. चांगुणेने ते त्याच्या तोंडातून काढून परत पुरलं. आईला असं करताना काय वाटतं ते मी सांगत नाही. मोठे झालात की कळेल.

पावसाळा आला आणि गेला. पुढचा उन्हाळा आला. उतारावर प्राण्यांनी उकरलं. माती निघाली. आणखी उकरलं. आणखी माती निघाली.

"सर, कंद?" भालोजींनी विचारलं.

"जमीन विश्रांती घेतेय," सर म्हणाले. "याला संक्रमणाचा काळ म्हणतात. शिबिराच्या दुसऱ्या भागात येतो. फी तीन मासे."

पण ओढा आटला होता. माशांचं काही जमेना. सशाच्या बायकोने पिल्लांना साल चघळायला दिली. भालोजींचं मधावर लक्ष लागेना.

तेवढ्यात कुणीतरी वर बोट दाखवलं. समोरच्या टेकाडावर दगडादगडावरून वाळलेले वेल लोंबत होते. वेल वाळले म्हणजे खाली कंद तयार झाले. लहान पोरालाही हे कळतं.

सगळं जंगल टेकाडावर चढलं. सर उडत पुढे गेले. पोचताच त्यांनी दोरी काढली आणि मोजायला सुरुवात केली. "उत्तम! हे आपलं विस्तार केंद्र. पाटील, इथे पहिलं वर्तुळ येईल." त्यांनी चांगुणेच्या बिळावर पाय ठेवला होता.

चांगुणा बाहेर आली. पाठीचे काटे उभे. मागे दोन पिल्लं, त्यांचेही काटे आता टणक झालेले.

"मोजा, पाटील," ती म्हणाली. "मी अडवत नाही. तुमचं मोजून झालं की मी पलीकडच्या टेकाडावर जाईन. पण या खेपेला उष्टं नेणार नाही. ते तुमच्याकडेच राहील. त्याचं काय करायचं, माहीत आहे ना?"

भालोजींनी सशाकडे पाहिलं. सशाने वही चाळली. सरांनी दोरीकडे पाहिलं. सशाच्या वहीत होतं तीनशे चाळीस, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

भालोजींनी सशाची वही मिटली. मग म्हणाले, "दोरी गुंडाळा, सर."

"पण पाटील, आराखडा..."

"गुंडाळा म्हटलं ना!"

मग ते चांगुणेपुढे बसले. एवढं मोठं अस्वल, पण बसल्यावर लहान दिसलं. "चांगुणे, तुझा उतार तुला परत. आम्हाला आता खायला काय ते सांग."

"इथलं खा," ती म्हणाली. "ज्याने त्याने आपल्या नखांनी उकरायचं. आणि पहिला घास तोंडात जायच्या आधी मुंडकं मातीत गेलं पाहिजे, माझ्यासमोर. उरलेली मुंडकी आपण खाली उतारावर लावू. आणि टिपणीसभाऊ, तुम्ही रकाना आखा."

"आखतो. नाव काय देऊ?"

"'परत'."

त्या दिवशी सगळ्यांनी अर्धपोट खाल्लं. पुढच्या वर्षी पाऊणपोट. तिसऱ्या वर्षी उतारही भरला, टेकाडही भरलं, आणि साफ केलेल्या दोन बिघ्यांत पुन्हा पाचोळा साचू लागला.

तेव्हा बगळेसरांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'प्रशिक्षणाचा परिणाम तिसऱ्या वर्षी दिसू लागला.' शेवटच्या पानावर लाभार्थींची यादी होती. पहिलंच नाव चांगुणा सायाळ.

सरांचा सत्कार झाला. सत्कार दिवसा होता, म्हणून चांगुणा झोपली होती. हार घेऊन सर पुढच्या जंगलाकडे उडाले. तिकडचे प्राणी म्हणे अजून अशास्त्रीयच जगतात.

तात्पर्य: निसर्गासारखं जगायला दोघं लागतात. एक मुंडकं परत पुरणारी सायाळ, आणि दुसरे तिला नापास करणारे सर. सायाळ नसेल तर पोट भरत नाही. सर नसतील तर पोट कुणामुळे भरलं ते अहवालात येत नाही. म्हणून बाळांनो, तुमच्याकडे सायाळ असेल तर तिला परीक्षेला बसवू नका, आणि सर आले तर मासे देऊन लवकर वाटेला लावा.

आणि माझी एक विनंती. कधी तुमच्या हाती वही आली तर 'काढले' आणि 'वाटले' यांच्या शेजारी तिसरा रकाना जरूर आखा. आणि त्यात जेवढी मुंडकी खरोखर मातीत ठेवलीत तेवढीच लिहा, एकही जास्त नको.