हेर विंकलरांची हौस

तुम्ही हेर (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) विंकलरांच्या खोलीत शिरलात, की ते हातातला स्क्रू-ड्रायव्हर चटकन पाठीमागे लपवत आणि म्हणत, "मी काम करत नाहीये हं!" टेबलावर घड्याळाचं पोट उघडं, चाकं बशीत, डोळ्याला भिंग; आणि हे म्हणे रिकामे बसलेत!

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मी हायडेलबर्गला केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होतो आणि विंकलर माझ्या खालच्या खोलीत राहत. बायको आधीच वारलेली. मग युद्धात पूर्वेकडचं घर गेलं, घड्याळांचं दुकान गेलं, एक पाय अधू झाला. आता ते बेकारभत्त्यावर होते. दर मंगळवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते आर्बाइट्सआम्टात, म्हणजे रोजगार कचेरीत, कार्डावर शिक्का घ्यायला जात. तिथला नियम न्यारा. तुम्ही काही कमावलंत, की भत्त्याला कात्री. म्हणून विंकलर शेजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करत आणि वर घाबरतही. कुणी अंडी आणून दिली तर म्हणत, "ही कोंबडीची मैत्री, मजुरी नव्हे."

"आल्झो, बरं का, हेर डॉक्टर," त्यांनी एकदा विचारलं. माझ्या डॉक्टरेटला अजून दोन वर्षं होती, पण त्यांना धीर नव्हता. "पैसे न घेता, मनापासून करतात, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"हौस."

"हाउस?" ते खूश झाले. जर्मनमध्ये हाउस म्हणजे घर. त्या दिवसापासून तो शब्द त्यांचाच झाला.

पुढे कुणीतरी चुगली केली आणि कचेरीतला साहेब तपासणीला आला. खोलीत चौदा घड्याळं टिकटिकत होती. "हे काय आहे?" विंकलरांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी घाम पुसला आणि खरं तेच सांगितलं, "हाउस."

"सगळी घरचीच?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! हाउस."

साहेबाने 'घरगुती वस्तू' असं लिहून घेतलं. जाताना मात्र स्वतःचं मनगटी घड्याळ ठेवून गेला. ते दहा मिनिटं मागे पडत होतं.

त्याच हिवाळ्यात गावातल्या एका घड्याळवाल्याने विंकलरांना अर्ध्या दिवसाची नोकरी देऊ केली. अधू पायाला पूर्ण दिवस झेपणारा नव्हता. त्यांनी जुना एप्रन धुऊन वाळत घातला, तीन दिवस शीळ घालत फिरले. मग कचेरीत विचारून आले. नोकरी धरली की भत्ता पूर्ण बंद, आणि अर्ध्या पगारात खोलीचं भाडंही निघणार नव्हतं.

"मला बसून राहण्याचा पगार आहे, हेर डॉक्टर," ते म्हणाले आणि एप्रनची घडी घालून तो कपाटात ठेवून दिला. मला त्या नियमाचा असा संताप आला की काही विचारू नका.

हळूहळू आमच्या इमारतीतली सगळी घड्याळं नीट चालू लागली. एका दुपारी पाहतो तर विंकलर स्वतःचंच धडधाकट घड्याळ खोलून बसलेले. मला बघवेना. त्या शनिवारी मी माझ्या गजराच्या घड्याळाचा एक स्क्रू ढिला केला आणि ते खाली घेऊन गेलो. मग दर शनिवारी तेच. "इंडियात घड्याळांना मारतात का हो?" असं कुरकुरत ते लगेच भिंग चढवत. म्हाताऱ्याला कसं बनवतोय, म्हणून मी मनात हसत असे.

पुण्याला परतल्यावर बऱ्याच वर्षांनी ते घड्याळ खरोखरच बंद पडलं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने मागचं झाकण काढलं आणि आतून निरखलं.

"अहो, दुरुस्त करणारे आत बारीकशी खूण कोरतात, पण इथे तर जागाच उरली नाही. काय लिहिलंय हे?"

मी भिंग लावलं. पहिल्या ओळीत जर्मनमध्ये कोरलं होतं, 'बिघाड नाही.' त्याखाली काठापर्यंत नुसतं हाउस, हाउस, हाउस. पहिल्या शनिवारपासून त्यांना सगळं ठाऊक होतं.

"दुरुस्त करायचं ना?" दुकानदाराने विचारलं. मला तिथेच रडू फुटलं.